जनपदची शाळा, परिषदेची शाळा

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की आमगाव मागे पडतं, सालेकसा मागे पडतं, दोन्ही बाजूंचे डोंगर रुळाजवळ सरकायला लागतात आणि दरेकसा येतं. महाराष्ट्राचं या बाजूचं हे शेवटचं स्टेशन. पुढे घाट, बोगदा आणि बोरतलाव आलं की छत्तीसगड. १८८० च्या दशकात इथून रेल्वे गेली, पुढे ती बंगाल-नागपूर रेल्वे झाली, आणि हावडा-मुंबईच्या मोठ्या गाड्या आमच्या डोळ्यांसमोरून धडधडत जातात. थांबत नाहीत, हा भाग वेगळा.

बाहेरच्या माणसाला दरेकसा तीन कारणांनी ठाऊक असतं. पावसाळ्यात हाजराफॉल बघायला लोक येतात. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेत गोंडी समाजाची यात्रा भरते, पाच-सहा राज्यांतून माणसं उतरतात. आणि मधली कित्येक वर्षं वर्तमानपत्रात गावाचं नाव छापून यायचं ते नक्षलवाद्यांचं ‘दरेकसा दलम’ म्हणून. यात शाळा कुठेच नाही. शाळा ही बातमी होण्यासारखी गोष्ट नव्हतीच. ती बातमी झाली अलीकडे, ती बंद करायची, हलवायची, दुसरीत मिळवायची असं बोलणं सुरू झालं तेव्हा.

तेव्हापासून आमच्या टोल्यातली, म्हणजे वस्तीतली, म्हातारी माणसं जुन्या शाळेच्या गोष्टी काढतात. मीही काढतो. पण जुनं ते सोनं म्हणून मोकळं व्हायला मन धजत नाही, कारण त्या शाळेच्या टाटपट्टीवर मी बसलेलो आहे.

आधी मालकी सांगतो. माझे वडील जन्मले तेव्हा इकडच्या शाळा डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या होत्या. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९२० च्या कायद्याखाली जिल्ह्याजिल्ह्याला कौन्सिल होतं. मुलूख जमीनदारीचा, भंडारा जिल्ह्याच्या या जंगलपट्टीत जमीनदाऱ्याच जमीनदाऱ्या. शाळा म्हणजे मोठ्या गावाची मिरास. लहान गावांसाठी रविशंकर शुक्लांनी १९३७ नंतर विद्यामंदिर योजना काढली होती. गावाने जमीन द्यायची, त्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा तो बेत. गाजावाजा बराच झाला, पण आमच्याकडच्या बहुतेक टोल्यांना ना ते मंदिर दिसलं, ना विद्या.

१९४८ मध्ये जनपद सभेचा कायदा झाला. द्वारकाप्रसाद मिश्रांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. जिल्ह्याचं कौन्सिल मोडून कारभार तहसिलीवर आणला. भंडारा जिल्ह्यात तहसिली तीनच, भंडारा, गोंदिया आणि साकोली. आमचा भाग गोंदियाकडे. वडील शिकले ते या जनपदच्या शाळेत, आणि मरेपर्यंत शाळेला जनपदची शाळाच म्हणत राहिले. १९५१ मध्ये मालगुजारी-जमीनदारी गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली आणि घाटाच्या पलीकडचं बोरतलाव मध्य प्रदेशात राहिलं, अलीकडचं दरेकसा मुंबई राज्यात आलं. १ मे १९६० ला मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं. म्हणजे १९५० ते १९६० या दहा वर्षांत शाळा जागेवरून वीतभर हलली नाही आणि तीन राज्यांतून फिरून आली. नागपूर ही राजधानी होती तेव्हा आम्ही राजधानीच्या गाडीवर होतो. मुंबई राजधानी झाली तेव्हा टोकाला गेलो.

आणि मग १ मे १९६२. महाराष्ट्रातल्या शाळांचं सगळ्यात मोठं एकत्रीकरण त्या दिवशी झालं, पण त्याला तसं कोणी म्हणत नाही. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला होता. तोवर राज्यात प्राथमिक शाळांचे तीन संसार होते. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा शाळा मंडळं, मराठवाड्यात थेट सरकारी शाळा, आणि विदर्भात आमची जनपदं. पगार वेगळे, नियम वेगळे, तपासणीची रीत वेगळी. जिल्हा परिषद आली आणि या तिन्ही घरच्या शाळा एका कायद्याखाली नांदायला लागल्या. आमचे गुरुजी गोंदिया जनपदचे होते ते भंडारा जिल्हा परिषदेचे झाले.

त्याने काय बदललं? शाळेत बसलेल्या पोरांसाठी पहिल्या दिवशी काहीच नाही. तीच कवेलूची खोली, तोच फळा. गुरुजींसाठी मात्र बरंच. बदली आता तहसिलीपुरती उरली नाही; आज दरेकसा तर उद्या पवनी. सेवापुस्तकात काही अडलं की भंडाऱ्याला जावं लागे. भंडारा शहर मोठ्या लाइनीवर नाही. गाडी ‘भंडारा रोड’ला सोडते, ते गाव वरठी. तिथून पुन्हा मोटार पकडायची. गुरुजी सकाळच्या पॅसेंजरने निघाले की त्या दिवशी शाळा चौथीच्या मोठ्या पोरांच्या हवाली. रात्री उशिरा परत येत, दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणत, “बाबू बाहेर गेले होते रे.” बाबू म्हणजे भंडाऱ्याच्या कचेरीतला कारकून. बरीच वर्षं मला वाटायचं की भंडारा हे असं गाव आहे जिथले सगळे लोक कायम बाहेर गेलेले असतात.

पण दुसऱ्या बाजूने त्याच १९६२ नंतर शाळा वाढत गेल्या. जिथे नव्हत्या तिथे निघाल्या. मोठ्या गावात चौथीच्या पुढे सातवीपर्यंतचे वर्ग आले. पुढे सालेकसा स्वतंत्र तालुका झाला, पंचायत समिती जवळ आली. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि वरठीला उतरायचं संपलं. कारभार एकत्र झाला तो वर, कागदावर, कचेरीत. खाली शाळा एकीच्या दोन आणि दोनाच्या चार होत गेल्या. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुढे काय झालं ते कळायला ती लागते.

आता माझ्या शाळेत येऊ. सत्तरच्या दशकाची सुरुवात. एक खोली, मातीच्या भिंती, वर कवेलू, समोर परसाचं झाड. झाडाला रुळाचा हातभर तुकडा तारेने टांगलेला. ती आमची घंटा. रेल्वेच्या गँगमधल्या कुणी तरी तो तुकडा दिलेला, आणि वाजवायला त्यांच्याचकडचा एक लोखंडी बोल्ट. बोल्ट गुरुजींच्या टेबलाच्या खणात असे, कारण बाहेर ठेवला तर पोरं मधेच सुट्टी करून टाकत. रुळाचा आवाज लांब जातो. थंडीत पलीकडच्या टोल्यावर ऐकू यायचा, पावसात अर्ध्या वाटेवर विरायचा. नाल्यापलीकडची पोरं तेव्हा गाडीवर अंदाज बांधत. सकाळची पॅसेंजर घाट उतरली की निघायचं.

खोलीत चार वर्ग. पूर्वेकडच्या भिंतीशी पहिली, मग दुसरी, तिसरी, आणि दाराजवळ चौथी, कारण पाणी आणायला, गुरांना हाकलायला, कोणी साहेब येतो का बघायला चौथीचीच पोरं पाठवायची. गुरुजी एका वर्गाला गणित घालत, दुसऱ्याला शुद्धलेखन, तिसऱ्याला कविता पाठ करायला, आणि चौथीतला एखादा पोरगा पहिलीला बाराखडी म्हणवून घेई. चार वर्गांचा कालवा एकाच खोलीत. यात एक फायदा असा की हुशार पोरगं दुसरीत बसून चौथीचं गणित ऐकून ठेवत असे. तोटा असा की ढ पोरगं चौथीत बसूनही पहिलीचंच ऐकत राही. वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, दीडकी येत होती. आम्हाला दशमान पद्धतीमुळे ती माफ झाली, तिसापर्यंतचे पाढे मात्र सुटले नाहीत. शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी मुलींनी शेणाने खोली सारवायची आणि मुलांनी आवारातलं गवत काढायचं, अशी वाटणी. ती वाटणी बरोबर होती का, असं तेव्हा कोणी विचारलं नाही.

पुस्तकं बालभारतीची. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ निघालं, त्यानंतरची आम्ही पोरं. मोठ्या भावाचं पुस्तक धाकट्याला, त्याचं शेजारच्याला. मला मिळालेल्या पुस्तकाच्या कडेला तीन वेगवेगळ्या हातांनी काढलेली रेल्वेची इंजिनं होती. पहिली दोन वाफेची, तिसरं डिझेलचं.

गुरुजी गावात राहत. हे त्या शाळेचं सगळ्यात मोठं भांडवल. त्यांचं बिऱ्हाड पाटलाच्या पडवीत होतं. कुणाच्या घरी आलेली चिठ्ठी वाचायची असो, तहसिलीत अर्ज द्यायचा असो, गुरुजी. मंडईच्या जत्रेच्या रात्री दंडारीच्या खेळात पहिल्या रांगेत गुरुजी. पोर शाळेत आलं नाही तर संध्याकाळी दारात गुरुजी.

“का जी, पोरगी काऊन नाही आली?”

“रोवण्याले गेली जी गुरजी. धान रोवून झाले का पाठवतो.”

रोवणी झाली की ती येई. मग कापणी लागे, मग चैतात मोहफूल वेचायचं, मग तेंदूपत्ता. जंगलातलं कॅलेंडर आणि शाळेचं कॅलेंडर कधीच जुळलं नाही. मोहाच्या दिवसांत पहाटे झाडाखाली पोहोचावं लागतं, नाही तर फुलं गुरं खातात. वर्गात बसलेल्या पोराचे डोळे दहा वाजता मिटायला लागले की गुरुजींना कळे हा कुठून आला आहे. काही गुरुजी त्याला झोपू देत. काही छडी काढत. दोन्ही तऱ्हेचे गुरुजी मी पाहिले, आणि छडीवाल्यांची आठवण आज कौतुकाने सांगणारे माझे मित्र मला पटत नाहीत. ज्यांना छडी लागली आणि ज्यांनी त्या दिवसापासून शाळा सोडली, ते या गप्पांत बसायला येत नाहीत. कौतुक करणारे आम्ही उरलेले.

तीच गोष्ट भाषेची. घरी कुणाकडे गोंडी, कुणाकडे छत्तीसगढी, कुणाकडे पोवारी, बाजारात हिंदी, स्टेशनवर हिंदी, आणि शाळेत मात्र पुस्तकातली मराठी. झाडीपट्टीची आमची बोलीसुद्धा त्या मराठीत बसत नव्हती, तिथे गोंडी पोरांचं काय? माझ्या बाजूला बसणारा मुलगा पहिली दोन वर्षं वर्गात एक अक्षर बोलला नाही. सगळे त्याला मठ्ठ समजत. तो मठ्ठ नव्हता. बाहेर आला की कोणतं पाखरू कोणत्या झाडावर घरटं करतं, कोणता कंद खायचा आणि कोणता उकळून सात पाण्यांत धुवायचा, हे तो आम्हाला शिकवायचा. आज गोंडीबद्दल निदान बोललं तरी जातं. शेजारच्या गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा सुरू केली. शिक्षण खात्याने ती पुढे बेकायदा ठरवली, पण प्रश्न तर मांडला गेला. आमच्या वेळी तोही नव्हता.

चौथी झाली की पुढची वाट सुरू. पाचवी ते सातवी मोठ्या गावाला, पायी. हायस्कुलासाठी सालेकसा किंवा आमगाव, गाडीने. गोंदिया-भंडाऱ्यात हायस्कुलं आली ती मुख्यतः शिक्षण संस्थांच्या जोरावर. मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली आणि खेड्यापाड्यांत शाळा उघडल्या. आमगावला लक्ष्मणराव मानकर गुरुजींनी भवभूतीच्या नावाने संस्था उभी केली. त्यांच्यामुळे आमच्यासारखी पोरं दहावीच्या बाकापर्यंत पोहोचली. मात्र माझ्याबरोबर चौथी पास झालेल्या मुली त्या गाडीत नव्हत्या. त्यांची शाळा टोल्यातच सुरू झाली आणि टोल्यातच संपली. आदिवासी पोरांसाठी सत्तरच्या दशकात आश्रमशाळा निघाल्या. आमच्या तालुक्यात बिजेपार आणि जमाकुडोच्या शासकीय आश्रमशाळा. तिथे राहणं, जेवण, कपडे मिळत. पोरगं शिकायचं, पण घरापासून तुटायचं. सुट्टीत आलं की आठ दिवस मोठ्या माणसांसारखं गप्प बसायचं.

म्हणून म्हणतो, जुन्या शाळेला सोन्याचा मुलामा देण्यात अर्थ नाही. तिची थोरवी एकाच गोष्टीत होती. ती चालत जाण्याइतकी जवळ होती आणि तिचा मास्तर रात्री गावात असायचा.

त्यानंतर सरकारने जे जे केलं ते बव्हंशी या जवळच्या शाळेत भर घालणारं होतं. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली. एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक, दुसरी खोली, नकाशे, पृथ्वीचा गोल आणि विज्ञानाची पेटी. गोल कपाटात बंद राहिला हे खरं, पण दुसरा शिक्षक आला. १९९२ पासून गरीब घरच्या, दलित-आदिवासी मुलींना हजेरीचा दिवसाला १ रुपया मिळायला लागला. शहरातल्या माणसाला त्याचं हसू येतं. टोल्यातल्या आईला नाही यायचं. तिने तो हिशेब चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला मी पाहिलेला आहे. १९९५ पासून महिन्याला ३ किलो तांदूळ, पुढे शिजवलेली खिचडी. पोरं पहिल्यांदा दुपारी शाळेतून पळेनाशी झाली. २००० च्या सुमाराला वस्तीशाळा निघाल्या, त्याच वर्षी पहिलीपासून इंग्रजी आली. १ एप्रिल २०१० ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि त्याच्या नियमांत अंतर लिहिलं गेलं. पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत. वडिलांच्या वेळी शाळा असणं हा नशिबाचा भाग होता. नातवंडांच्या वेळी तो कायदा झाला.

आणि कायदा झाला त्याच सुमाराला पोरं कमी व्हायला लागली.

याची कारणं कुणाच्या कटात नाहीत, आमच्या घरांतच आहेत. माझ्या आजीला आठ मुलं, आईला पाच, माझ्या भावजयीला दोन. ज्याच्याकडे चार पैसे आले त्याने पोरगं सालेकसा-आमगावच्या कॉन्व्हेंटात घातलं. सकाळी पिवळी गाडी टोल्याच्या फाट्यावर येऊन उभी राहते. आदिवासी विकास खात्याकडून काही पोरं शहरातल्या नामांकित निवासी शाळांत जातात, काही देवरी तालुक्यात बोरगाव बाजारच्या एकलव्य शाळेत. कामाला बाहेर गेलेली कुटुंबं पोरांना बरोबर नेतात. मागे राहतात ती ज्यांना कुठेच जाता येत नाही त्यांची पोरं. रुळाच्या तुकड्याऐवजी आता छान पितळी घंटा आहे, खोल्या पक्क्या आहेत, भिंतीवर रंगवलेले पाढे आहेत, मुलींसाठी संडास आहे, कुठे कुठे टीव्हीसुद्धा आहे. आणि हजेरीपटाचं अर्धं पानही भरत नाही.

गुरुजीही आता गावात नाहीत. गोंदियाहून, आमगावहून गाडीने किंवा मोटरसायकलने येतात. मुख्यालयी राहण्याचा नियम आहे, घरभाड्याचा वाद आहे, आणि पडवी भाड्याने देणारा पाटीलही राहिला नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या पोरांनाही शाळा लागते, बायकोची नोकरी दुसऱ्या गावी असते. पण गाडी लेट तर शाळा लेट हे समीकरण पक्कं झालं. शिवाय त्यांचा निम्मा वेळ मोबाईलवर माहिती भरण्यात जातो. पूर्वी बाबू बाहेर गेलेले असत. आता बाबू खिशात बसून दिवसाला चार वेळा माहिती मागतात.

२०१७ च्या अखेरीला राज्याने १० पेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून जवळच्या शाळांत मिळवायचं ठरवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये समूहशाळांचे प्रस्ताव मागवले गेले. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून मधोमध एक मोठी शाळा करायची. नमुना म्हणून नंदुरबारातलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत पुढे ठेवलं. तेव्हा जाहीर झालेले आकडे असे होते. अशा शाळा १४,७८३, पोरं १,८५,४६७, शिक्षक २९,७०७. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा पोरं आणि दोन गुरुजी. विरोध झाला, मग शाळा बंद होणार नाहीत असं सांगितलं गेलं. पुढे १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा निर्णय आला आणि कमी पटाच्या शाळांतली शिक्षकांची पदंच आवळली गेली. शाळेला कुलूप लावायचं नाही, तिचा मास्तर काढून घ्यायचा, म्हणजे कुलूप पालकच लावतात.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत १९४० च्या सुमाराला सुमारे १ लाख १७ हजार शाळा-जिल्हे होते. जिल्हा म्हणजे आपल्यासारखा मोठा नव्हे, पुष्कळ ठिकाणी एक खोली, एक बाई आणि गावाने गोळा केलेला कर, एवढाच त्याचा पसारा. ते एकमेकांत मिळवत मिळवत आज १३ हजारांच्या आसपास उरले आहेत. पण तिकडे एकत्रीकरणाच्या आधी किंवा बरोबर रस्ता आला आणि पिवळी बस आली. राजस्थानात २०१४ मध्ये हजारो शाळा एकमेकींत मिळवल्या गेल्या. आणि आमच्या घाटापलीकडे छत्तीसगडने २०२५ मध्ये युक्तियुक्तकरण या नावाने एकत्रीकरण केलं. सुमारे साडेदहा हजार शाळांचा त्यात हिशेब झाला. त्यातल्या बहुतेक एकाच आवारात असलेल्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळा होत्या. मुख्याध्यापक दोनाचे एक झाले, पोरांना वेगळं चालावं लागलं नाही. खऱ्या अर्थाने हलवल्या गेल्या त्या थोड्या. शेजाऱ्याकडून काही घ्यायचं असेल तर हा फरक घेण्यासारखा आहे.

कारण घोळ सगळा इथेच आहे. १९६२ चं एकत्रीकरण कारभाराचं होतं. त्याचा त्रास झाला तो गुरुजींना, वरठीच्या मोटारीची वाट बघताना. सात वर्षांच्या पोरीला तो कळलासुद्धा नाही. आताचं एकत्रीकरण पोरांचं आहे, आणि त्यातला सगळा प्रवास तिच्या वाट्याला येतो. दोन्हीला एकच शब्द वापरला की दोन्ही सारखेच शहाणपणाचे वाटतात.

मला छोट्या शाळेची बाजू आंधळेपणाने घ्यायची नाही. सहा पोरांच्या शाळेत कबड्डीचा एक डाव होत नाही. दुसरीत एकटाच बसलेला मुलगा कोणाशी शर्यत लावणार, कोणाची पाटी बघणार? आम्ही एका खोलीत पन्नास होतो म्हणून एकमेकांकडून शिकलो. आज त्याच खोलीत सहा आहेत, तर ती आमचीच शाळा आहे असं समजणं चूक. पाचवीपासून मोठी शाळा हवी, प्रयोगशाळा हवी, इंग्रजीला आणि गणिताला वेगवेगळा शिक्षक हवा. मोठ्या पोरांची बस चालते हे आपण पाहिलंही आहे. मानव विकास कार्यक्रमातली मुलींची निळी बस आली आणि ज्या मुली आमच्या वेळी गाडीत नव्हत्या त्यांच्या लेकी-नाती बारावीला पोहोचल्या. वाहन नेमाने आलं तर अंतर मरतं, हे त्या बसने सिद्ध केलं.

पण नेमाने म्हणजे जुलै-ऑगस्टातसुद्धा. पर्यटकांना ज्या पावसात हाजराफॉल बघायचा असतो, त्याच पावसात आमच्या पोरांना नाला ओलांडायचा असतो. नकाशावर टोल्यापासून मोठ्या शाळेपर्यंत दीड किलोमीटर दिसतो तो मे महिन्यातला. धान रोवायच्या दिवसांत बांध्यांतून वाट राहत नाही, रपट्यावरून पाणी जातं, आणि गावाला वळसा घातला की तोच दीड किलोमीटर चार होतो. त्यात जंगल. अस्वलं मोहाखाली येतात ती शाळेच्याच वेळेला. पहिलीतलं पोर या वाटेने एकटं जाणार नाही, आणि आई त्याला सोडायला गेली तर तिचा रोज बुडतो. मग पहिले आठ दिवस ती सोडते, नवव्या दिवशी पोर घरी राहतं, आणि हजेरीपटावर त्याचं नाव वर्षभर जिवंत असतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. एकत्र करायचं ते कारभाराचं करा, १९६२ सारखं. चार टोल्यांच्या शाळांना मिळून एक मुख्याध्यापक द्या, एक माहिती भरणारा माणूस द्या, म्हणजे गुरुजी मोकळे होतील. इंग्रजीचा, चित्रकलेचा, खेळाचा शिक्षक आठवड्यातून एक-एक दिवस प्रत्येक टोल्यात पाठवा. मोटरसायकल त्याला चालवता येते, सहा वर्षांच्या पोराला येत नाही. शनिवारी चारही टोल्यांची पोरं एका मैदानावर आणा, कबड्डी होऊ द्या. पाचवीपासून पुढची पोरं मोठ्या शाळेत जाऊ द्यात, पण बस आधी आणि दाखला मागाहून. अंतर मोजायचं ते ऑगस्टात, पायी, पहिलीतल्या पोराचा हात धरून, आणि मोजणाऱ्याच्या वहीवर शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांच्या सह्या किंवा अंगठे घेऊन.

आणि चौथीपर्यंतची शाळा टोल्यातच राहू द्या, पट सहाचा असला तरी. महाग पडते हे मान्य. पण राज्य आमच्या दारातून तीन वेळा नाव बदलून गेलं, कौन्सिल गेलं, जनपद गेलं, भंडारा गेला. दर वेळी वरच्यांनी आपला कारभार हलवला आणि शाळा जागेवर ठेवली. तेव्हा सरकारांकडे आजच्यापेक्षा पुष्कळ कमी पैसा होता. त्यांना जे परवडलं ते आजच्या महाराष्ट्राला परवडत नसेल, तर तसं त्याने ग्रामसभेत येऊन, समोर बसून सांगावं.